टेबलांच्या पायाशी तीन दिवस

बाबांनी चाळीस वर्षं सुतारकाम केलं. हत्यारं खाली ठेवल्यावर त्यांना इंग्लंडला न्यायचं ठरलं, तेव्हा मी राजवाडे, पूल, घड्याळाचा मनोरा अशी यादी करून त्यांच्यापुढे ठेवली. ती वाचून ते म्हणाले, "हे सगळं तू बघ. मला तीनशे-चारशे वर्षं उभी असलेली टेबलं दाखव. कशी जोडलीत ते बघायचंय." म्हणून हा प्रवास झाला: लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय, केंटमधलं पेन्सहर्स्ट प्लेस आणि डर्बीशायरमधला हार्डविक हॉल. जाणाऱ्यांनी क्रम हाच ठेवावा. संग्रहालयात डोळा तयार होतो, मग त्या जुन्या घरांतलं लाकूड बोलायला लागतं.

साउथ केन्सिंग्टन स्टेशनातून एक भुयारी वाट थेट संग्रहालयाकडे जाते, त्यामुळे पाऊस असला तरी अडचण नाही. प्रवेश मोफत आहे आणि शुक्रवारी रात्री दहापर्यंत दारं उघडी असतात. आम्ही मुद्दाम शुक्रवार निवडला. फर्निचरचं दालन चौथ्या लेव्हलवर आहे. लिफ्टने जा, कारण खालच्या दालनांत रेंगाळलात तर पाय आधीच थकतात. २०१२ मध्ये उघडलेल्या या दालनात सहा शतकांतल्या दोनशेहून अधिक वस्तू आहेत. मांडणी मला फार आवडली. मधून काळानुसार एक रांग जाते आणि बाजूला कारागिरीच्या पद्धतींप्रमाणे गट आहेत: सांधेकाम, कातकाम (लेथवर गोल आकार देणं), कोरीवकाम, विनियर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर), जडावकाम. सुताराला हवी तशीच ही वाटणी आहे.

बाबा पहिला तासभर एका जुन्या ओकच्या सांध्यापुढून हललेच नाहीत. सांधा साधाच असतो. पायात खाच, आडव्या पट्टीच्या टोकाला खाचेत शिरणारं कुसू आणि दोन्हींतून आरपार लाकडी खुंटी. पण गंमत त्या खुंटीच्या भोकात आहे. खाचेतलं भोक आणि कुसवातलं भोक एका रेषेत पाडत नाहीत; कुसवातलं दीड-दोन मिलिमीटर पट्टीच्या बाजूला सरकवतात. खुंटी ठोकली की ती वाकडी होत आत शिरते आणि कुसू खाचेत ओढून घट्ट बसवते. सरस नाही, खिळा नाही. "बघ, खुंटीचं डोकं वर आलंय," बाबा म्हणाले. खरंच, बोट फिरवलं असतं तर लागलं असतं, इतकं ते उचललेलं होतं. भोवतीचं लाकूड वर्षानुवर्षं आक्रसत गेलं, खुंटी मात्र आपल्या लांबीत जवळजवळ तेवढीच राहिली. लाकूड उभ्या तंतूंच्या दिशेने फारसं आक्रसत नाही, आडवं आक्रसतं. हे एवढं लक्षात ठेवून गेलात तर अर्धं दालन आपोआप उलगडतं.

पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातल्या टेबलांचे पाय मधोमध भोपळ्यासारखे फुगीर असतात. एवढा जाड ओंडका वाया घालवत असतील असं मला वाटलं होतं. बाबांनी जवळून शिरा पाहिल्या आणि सांगितलं, की फुगवट्यापुरते चार तुकडे सरसाने बाहेरून चिकटवून मग पाय कातलेला आहे. एकदा कळलं की जोडाची बारीक रेघ दिसायला लागते. त्या पायांना जमिनीलगत जोडणाऱ्या पट्ट्याही बघा. वरची कड कित्येक ठिकाणी झिजून खोलगट झालेली असते, कारण पिढ्यान्‌पिढ्या माणसं तिच्यावर पाय टेकून जेवली.

महोगनीपाशी आलात की १७२१ हे साल आठवा. त्या वर्षी ब्रिटनने आपल्या अमेरिकी वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरची जकात उठवली आणि रुंद, सरळ, कीड न लागणाऱ्या महोगनीच्या फळ्या येऊ लागल्या. तीन पायांच्या छोट्या चहाच्या टेबलांची नागमोडी उठावदार कड पाहिली, तर ती वरून चिकटवलेली असेल असं वाटतं. चांगल्या टेबलावर ती जाड फळी आतून खोदून सोडलेली असते. इतकं लाकूड भुसा करून टाकायची तयारी आणि इतका संयम! मला ते बघून भरून आलं.

एक सूचना. टेबलाची खालची बाजू बघायला वाकावं लागतं, पण मोबाइलचा टॉर्च लावण्याआधी तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा. आम्ही विचारलं तेव्हा त्यांनी नकार दिला, पण उजेड चांगला पडतो अशा दोन जागा आपणहून दाखवल्या. फ्लॅश वापरू नका, हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी पेन्सहर्स्ट. त्या नावाचं स्टेशन वाड्यापासून सुमारे दोन मैल दूर आहे, म्हणून आम्ही टनब्रिजला उतरून टॅक्सी केली. वाडा हिवाळ्यात बंद असतो आणि इतर दिवसांतही बागेपेक्षा घराची वेळ कमी असते, तेव्हा वेळापत्रक आदल्या दिवशी बघा. इथे आलो ते १३४१ मध्ये बांधायला घेतलेल्या मोठ्या दिवाणखान्यासाठी. वर साठ फुटांवर चेस्टनटचं छत, मध्ये अष्टकोनी चूल आणि पंधराव्या शतकातली लांबच लांब टेबलं. जाड फळ्या नुसत्या घोड्यांवर, म्हणजे सुट्या लाकडी टेकूंवर, टेकवलेल्या आहेत. त्या काळी जेवण झालं की फळ्या उचलून भिंतीला लावायच्या अशी पद्धत होती. इंग्रजीत फळीला 'बोर्ड' म्हणतात आणि जेवणाच्या फळीवरूनच 'बोर्डिंग-लॉजिंग'मधलं बोर्डिंग आलं, हे मला तिथे उभं राहिल्यावर खऱ्या अर्थाने पटलं. पाऊण तास पुरतो.

परतताना वाटेतल्या एका गावात जुन्या सामानाचं दुकान दिसलं. गोल महोगनी टेबल होतं, दुकानदार म्हणाला की अठराव्या शतकातलं आहे आणि सगळं मूळचं. बाबांनी परवानगी घेऊन खिशातून टेप काढली. शिरांच्या दिशेने ८३.४ सेंटीमीटर, आडवं ८२.६. गोल टेबल आता किंचित लंबगोल झालेलं, म्हणजे वरची फळी जुनी खरी. मग त्यांनी ते उलटं करायला लावलं. फळी खांबाला जोडणाऱ्या ठोकळ्याभोवती फळीवर फिकट चौकोन होता, ठोकळ्यापेक्षा बोटभर मोठा. शेजारी बुजवलेली चार भोकं. म्हणजे फळी एका टेबलाची आणि खांब दुसऱ्याच. मला वाईट वाटलं ते फसवणुकीपेक्षा त्या दोन अर्धवट टेबलांचं.

विकत घ्यायचा विचार असेल त्यांनी टेप जवळ ठेवाच. स्क्रूचं टोक बघा: अणकुचीदार टोकाचे स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर रूढ झाले, त्याआधीचे बोथट. करवतीच्या खुणा सरळ असतील तर हाताची करवत असू शकते, कमानीसारख्या असतील तर गोल पात्याची, म्हणजे अलीकडची. किडीची बारीक गोल भोकं असणं स्वाभाविक आहे, पण पृष्ठभागावर उघडी पडलेली लांब नागमोडी बोगदी दिसली तर लाकूड नंतर कापलेलं आहे. कीड उघड्यावर चालत नाही. विनियरची कड दिसत असेल तर जाडी पाहा. हाताने कापलेलं दीड-दोन मिलिमीटर भरतं, यंत्राचं कागदासारखं पातळ. यातली एकच खूण पुरेशी नाही, दोन-तीन जुळल्या पाहिजेत.

तिसरा दिवस हार्डविकचा, आणि वेळ कमी असेल तर फक्त हाच करा. सेंट पँक्रसहून चेस्टरफील्डला सुमारे दोन तास लागतात, पुढे टॅक्सी. ती जातानाच परतीच्या वेळेला ठरवून ठेवा. घर नॅशनल ट्रस्टकडे आहे. मुख्य खोल्या सर्वांत वरच्या मजल्यावर असल्याने दगडी जिना बराच चढावा लागतो. गुडघे दुखत असतील तर आधी चौकशी करा. जुन्या कापडी चित्रांमुळे आत उजेड मंद ठेवतात, डोळे सरावायला पाच मिनिटं द्या.

वरच्या मोठ्या दालनातलं एग्लंटाइन टेबल १५६७-६८ च्या सुमाराचं. घराची मालकीण बेस हिचं श्रूजबरीच्या अर्लशी लग्न झालं आणि तिच्या मुलामुलीची त्याच्या मुलामुलीशी, त्या तिहेरी सोयरिकीसाठी ते करवलं. वर जडावकामात ल्यूट आणि इतर वाद्यं, पत्ते, सोंगट्यांचा पट आणि खरोखर वाजवता येईल अशी चार आवाजांच्या रचनेची स्वरलिपी. शेजारच्या खोलीतलं अक्रोडाचं टेबल तर चार समुद्रश्वानांच्या पाठीवर आहे. कुत्र्याचं डोकं, पंख, माशाची शेपूट आणि खाली कासवं. १६०१ च्या घरातल्या सामानाच्या यादीत ते नोंदलेलं आहे आणि तिथे त्याला 'ओढायचं टेबल' म्हटलंय: वरच्या फळीखालून दोन्हीकडे जोडफळ्या सरकून बाहेर येतात. बाबा खाली बसले आणि बराच वेळ एका कासवाकडे पाहत राहिले. "याच्यावर सगळा भार आहे, पण चेहरा बघ किती शांत कोरलाय."

स्टेशनवर गाडीला वेळ होता. चेस्टरफील्डच्या चर्चचं शिखर तिथून स्पष्ट दिसतं. पिळवटलेलं, नऊ फुटांहून जास्त झुकलेलं. ओलं ओक आणि त्यावर शिशाच्या पत्र्यांचं ओझं, ही त्याची नेहमी सांगितली जाणारी कारणं. बाबांनी फलाटावरून त्याचा फोटो काढला आणि पहिल्या दिवशीच्या खुंटीच्या फोटोशेजारी लावून मला दाखवला. मग गाडी येईपर्यंत ते मला लाकूड वाळवायला किती उन्हाळे लागतात ते सांगत होते.