तुम्ही विचारलंत म्हणून: ऐटीत चालणारी इंग्रजी क्रियापदं

‘मॅडम, स्ट्रट, स्वॅगर, सॅशे, फ्लाउन्स... डिक्शनरीत सगळ्यांपुढे ऐटीत चालणे असंच लिहिलंय. मग कुठे कोणतं घालायचं?’ परळला मी इंग्रजीचे क्लास घेते, तिथे हे दर बॅचला कुणी ना कुणी विचारतंच. परवा भाषांतरं करणाऱ्या एका मैत्रिणीनेही फोन करून हेच विचारलं, तेव्हा एकदा सविस्तर सांगून टाकते.

पहिलं म्हणजे, पायांकडे बघू नका. चालतंय कोण आणि बघतंय कोण, ते बघा. गल्लीतला पोरगा नवा गॉगल लावून निघाला की त्याची आई म्हणते, ‘काय रुबाबात चाललाय!’ आणि समोरची काकू म्हणते, ‘माज बघा.’ पोरगा एकच, चालही एकच. इंग्रजीत आईच्या बाजूने लिहायचं असेल तर ‘स्ट्राइड’, काकूच्या बाजूने ‘स्वॅगर’.

या स्वॅगरची छापील नोंद शोधत मागे गेलं की शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’पर्यंत पोचतो आपण, म्हणजे १५९०च्या दशकात. अथेन्सच्या ड्यूकच्या लग्नात नाटक करायचं म्हणून गावातले कारागीर रानात तालीम करतायत. त्यातला बॉटम हा विणकर. आपल्याकडे असता तर गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर असता! पक नावाचा खोडकर यक्ष त्यांना बघतो आणि म्हणतो, जाडेभरडे कपडे घातलेले हे गावंढळ इथे कसले स्वॅगर करतायत? खरं तर बिचारे आपली तालीम करत असतात. ऐट दिसते ती पकला, कारण असल्या लोकांनी परीराणीच्या निजायच्या जागेजवळ यावं हेच त्याला खटकतं. आमच्या परळच्या मुलांना हा प्रसंग फार समजवावा लागत नाही. गिरणीची पाळी सुटली की तालमी आणि मग दामोदर हॉलला प्रयोग, हे त्यांनी आजोबांकडून ऐकलेलं असतं. त्या नाटकवाल्या कामगारांकडे नाकं मुरडून बघणारेही होतेच की. (हल्लीचा ‘स्वॅग’ हे त्याच शब्दाचं आखूड रूप. आता ती शिवी राहिलेली नाही, उलट मुलं हौसेने मिरवतात.)

स्ट्रट वेगळं. क्लासच्या खिडकीबाहेर एसीच्या खोक्यावर पारव्यांची जोडी येते. नर गळा फुगवतो, शेपटी पसरून पत्र्यावर घासतो, घुमतो, मध्येच वाकून मुजरा केल्यासारखं करतो, परत छाती काढून गिरकी घेतो. मादी दाणे टिपत असते, ढुंकून बघत नाही. हे स्ट्रट! मूळ जुन्या इंग्रजीत या शब्दाचा पायांशी संबंधच नव्हता, ताठ होणं, फुगून बाहेर येणं एवढाच अर्थ होता. म्हणून ज्याची छाती आधी पोचते आणि पाय मागून येतात, त्याला स्ट्रट लावा.

सॅशे ही फ्रेंच नाचातली ‘शासे’ नावाची चाल. एक पाऊल दुसऱ्याचा पाठलाग करतं, म्हणून ते नाव. अमेरिकेतल्या लोकांनी उच्चाराची वाट लावून त्याचं सॅशे केलं. त्यात कंबर आहे, ठुमका आहे. इथे मला एक गोष्ट खटकते, ती सांगतेच. पुरुषांच्या वाट्याला छातीची क्रियापदं आणि बायकांच्या वाट्याला कमरेची, ही वाटणी इंग्रजीतही आहे आणि आपल्या ‘मुरडत’, ‘लचकत’मध्येही आहे. ‘मिन्स’ तर सांभाळूनच वापरा. बारीक बारीक, नखरेल पावलं टाकणं असा त्याचा अर्थ, आणि बायकी म्हणून एखाद्या पुरुषाची टर उडवायला तो सर्रास वापरला गेलाय. आमच्या क्लासमध्ये ‘मिन्स’ म्हणजे खिमा, तेवढाच चालतो.

टर उडवण्यावरून आठवलं, केकवॉक. सामना एकतर्फी झाला की मराठी बातमीतही हल्ली हा शब्द येतो. पण तो मुळात नाच होता. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळ्यांवर कृष्णवर्णीय गुलाम आपल्या मालकांच्या ताठ, भपकेबाज चालीची नक्कल करायचे. बक्षीस केक. ज्यांची नक्कल चाललीय ते गोरे मालकच समोर बसून टाळ्या वाजवायचे, असं सांगतात.

मग मराठीत असे शब्द कमी का, हा पुढचा प्रश्न ठरलेला. कमी नाहीत हो, फक्त त्यांची जागा वेगळी आहे. लेनर्ड टाल्मी या भाषाशास्त्रज्ञाने १९८५ साली ही गोष्ट नीट मांडली. काही भाषा चालण्याची तऱ्हा क्रियापदातच कोंबतात, काही ती बाहेर ठेवतात. आपण म्हणतो, ‘ठुमकत आली, तोऱ्यात निघून गेली.’ आली-गेली हे क्रियापद दिशा सांगतं, तऱ्हा त्याच्या आधी येऊन बसते. आणि त्या जागेवर आपल्याकडे काय कमी आहे? झोकात, डौलात, दिमाखात, टेचात, छाती काढून. तेव्हा भाषांतर करताना एकच क्रियापद शोधत डोकं फोडून घेऊ नका. ‘चालत आला’च्या आधी काय बसतंय ते बघा. फार तर ‘मिरवणे’ हाताशी ठेवा, ‘परेड’ या क्रियापदाला ते बरं पडतं.

राहिलं फ्लाउन्स. रागाचा देखावा करत, सगळ्यांनी बघावं अशा बेताने निघून जाणं. आपला फणकारा. याला हल्ली पायही लागत नाहीत, इंटरनेटवर इंग्रजी लोक ते बसल्या जागी करतात. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पार्किंगवरून भांडण होतं, मग एक काका ‘माझा अपमान झाला आहे, यापुढे मी या ग्रुपमध्ये राहू शकत नाही’ असा लांबलचक मेसेज टाकून लेफ्ट होतात, तेच ते. दोन दिवसांनी सेक्रेटरी त्यांना परत अॅड करतो. त्याला मात्र इंग्रजीत क्रियापद नाही.