जातीच्या रकान्यात काय लिहू?

जुलैत शेळी मेल्याचा फोन आला की मी गाडीत बसायच्या आधीच जंत धरून चालतो. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, लेंडीतल्या अंड्यांच्या आठवड्याभरात अळ्या होतात आणि ओल्या गवताच्या पात्यावर चढून बसतात, शेळीने तोंड लावलं की पोटात. पण देवगडकडच्या एका सड्यावरून फोन आला तो "डॉक्टर, आमची पश्मिना गेली" असा. म्हटलं हे काय नवीन!

माणूस मुंबईची नोकरी सोडून आलेला, कर्ज काढून चिऱ्याचा गोठा बांधलेला आणि गोठ्यात पंखे, का तर थंड हवेची जनावरं. कोणा व्यापाऱ्याने लांब केसांच्या काळ्या शेळ्या गळ्यात मारलेल्या, नॅचरल ब्लॅक पश्मिना, डाय नको, फॉरेनला डिमांड वगैरे. आता पश्मिना देणारी चांगथांगी शेळी असते लडाखमध्ये ४००० मीटरच्या वर, तिच्या राठ केसांखाली १२ ते १५ मायक्रॉनची लव येते तीच पश्मिना, वर्षाला पाव किलोच्या आसपास, तीही न निवडलेली. आणि ती लव येण्याचं गणित नुसत्या थंडीचं नाही, दिवस लहान-मोठा होण्याचंही असतं, तिथे पंखे काय करणार.

पोस्टमॉर्टेम ताडपत्रीखालीच केलं, गडी छत्री धरून उभा. खालची पापणी ओढली तर पांढरीफटक, जबड्याखाली पाण्याची सूज, चौथं पोट उघडलं तर आत हिमॉन्कस या रक्तपित्या जंतांची नुसती वळवळ, लाल-पांढरा पीळ असलेले दोन-अडीच सेंटिमीटरचे किडे. एक किडा दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त घालवतो, ऐकायला काहीच नाही, पण हजार किडे म्हणजे रोजचं ५० मिली. पावसाच्या तोंडावर औषध पाजलं असतं तर कदाचित जगली असती. पण त्याने बघितलेल्या व्हिडिओंत लव काढायला फणी कशी फिरवायची तेवढंच होतं, जंतांवर व्हिडिओ कोण बघतो.

खांद्यावर, बरगडीवर केस फाकवून बघितलं, खाली लव नाही. तो लगेच म्हणाला, "ती उन्हाळ्याच्या आधी गळते, आता कशी दिसेल?" आणि हे बरोबर आहे, माणसाने अभ्यास केलेला! पण कान लांब, पानासारखे लोंबते, कानाच्या मुळाशी पांढरे डाग आणि कास चांगली भरदार. म्हणजे गुजरातची मेहसाणा, दुधाची शेळी. दुधाची शेळी घेऊन हा तिला फणी करत बसलेला. गडी मागून हळूच, "मी सांगत होतंय दूध काढूया म्हणान, पण माजा आयकता कोण."

खरी गोची पुढे झाली. शेळीचा विमा होता, कानात टॅग होता, आणि पॉलिसीच्या दाखल्यावर जात लिहिलेली 'पश्मिना'. सही आमच्याच लाईनमधल्या एका डॉक्टरची. शेळी समोर असती तर कोणी असं लिहिलं नसतं, म्हणजे गोठ्यापर्यंत गेलाच नसणार, चहा घेऊन सही ठोकली. आता मी मेहसाणा लिहिलं तर जनावर कागदाशी जुळत नाही, क्लेम लटकतो, पश्मिना लिहिलं तर खोटं आणि रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म परत येतो. व्यापारी मजेत, सही करणारा मजेत, आणि कात्री कोणावर, तर आधीच फसलेल्यावर.

मी मेहसाणाच लिहिलं. खाली टॅग नंबर तोच आहे हे ठळक लिहिलं, मृत्यूचं कारण लिहिलं, उरलेल्यांना डोस पाजला. तो भांडला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "काळा रंग तरी नॅचरल आहे ना, डॉक्टर?" म्हटलं, हो, तो आहे.

क्लेमचं अजून काही कळलेलं नाही. विम्याची कामं करणारं कोणी वाचत असेल तर सांगा, अशा केसमध्ये टॅग धरतात की जात?