झिरो माईलवरून रेस ट्रॅक किती लांब?

"भाऊ, कार रेसिंग चालू करायला टोटल किती लागते?" हा प्रश्न मागच्या दोन महिन्यात मला दहाबारा जणांनी तरी विचारला असेल, निम्म्यांनी इथे नागपुरात बर्डीवर चहा पिता पिता आणि बाकीच्यांनी रात्री साडेअकराला मेसेज करून. प्रत्येकाला एकच आकडा पाहिजे असतो. मग मी सांगतो ६५,०००, आणि समोरचा म्हणतो बस्स? एवढ्यात तर बुलेटही येत नाही. बरोबर आहे, पण हा फक्त गाडीचा आकडा आहे. सेकंड हँड मारुती एस्टीम, २००४ मॉडेल, पांढरी, डाव्या दरवाजाला थोडा गंज. बाकीचं सांगायला ही पोस्ट, जरा लांबेल.

तर गाडी आधी घेतली ही माझी पहिली चूक. घ्यायचं कारण काय तर एस्टीम हलकी, ९०० किलोच्या आसपास, १.३ लिटरचं इंजिन ८५ बीएचपी देतं, पार्ट अजून मिळतात, आणि आपल्याकडच्या टूरिंग कारच्या रेसेसमध्ये वर्षानुवर्षं एस्टीम पळालेल्या आहेत त्यामुळे तिच्यात काय काय करायचं हे साउथमधल्या मिस्त्रींना तोंडपाठ आहे. हे सगळं खरं आहे. फक्त ते मिस्त्री साउथमध्ये आणि गाडी हिंगणा रोडला, ओळखीच्या गॅरेजच्या मागे कडुनिंबाखाली. बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "घरी स्विफ्ट असताना हे काऊन आणलं बे?" तेव्हा माझ्याकडे लंबंचौडं उत्तर होतं.

आपल्याकडे झिरो माईल आहे, चार घोडे आणि तो खांब, देशाचा मध्य म्हणून आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. रेसिंग करायचं ठरवलं की कळतं मध्य म्हणजे सगळ्यांपासून लांब. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, ३.७ किलोमीटरचा, इथून ११०० च्या वर. कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे, २.१ किलोमीटरचा, तो हैदराबाद-बंगळुरूवरून गेलं तर जवळपास १४००. ग्रेटर नोएडाचा बुद्ध ट्रॅक, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झालं, तो पण हजाराच्या पुढे. तिन्ही ठिकाणी जायला सुरुवात एनएच ४४ वरूनच, फक्त जामठ्याकडे निघायचं की कामठी रोडकडे एवढाच फरक.

मधेच एक गोष्ट सांगून टाकतो कारण दोन पोट्ट्यांनी मला सिरीयसली विचारलं की समृद्धीवर रात्री शिवमडक्यापासून रेस करता येईल का. नाही. पब्लिक रोडवर रेस लावली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ लागतं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळेला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० दंड किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा एक वर्षापर्यंत. आणि समोरून ट्रक आला तर कलमाची गरजच पडत नाही. पुढे चला.

खरी सुरुवात स्वस्तात होते, ऑटोक्रॉसने. मोकळं मैदान, ट्रॅफिकवाले प्लास्टिकचे कोन लावलेले, एकावेळी एकच गाडी, घड्याळाविरुद्ध. मी घरच्या स्विफ्टने केलं, एंट्री २,५०० भरली, हेल्मेट मित्राचं, नंबरचं स्टिकर त्यांनीच लावलं. एक रन जेमतेम दीड मिनिटाचा आणि बाहेर आलो तर हात थरथरत होते, शेवटून तिसरा आलो ते वेगळं. एक मात्र लक्षात ठेवा, तुमच्या इन्शुरन्सच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ऑर्गनाइझ्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग यात झालेलं नुकसान मिळत नाही. म्हणजे कोन बंपरमध्ये घुसला तर तो तुमचाच. माझा घुसला. ४,२०० रुपये, आणि बायकोला सांगितलं पार्किंगमध्ये लागलं. (ती ही पोस्ट वाचणार आहे. सॉरी.)

मग कोइमतूरला दोन दिवसांचं ट्रेनिंग केलं, गाडी त्यांचीच. केरला एक्सप्रेस नागपूरहून सरळ कोइमतूरला जाते, जवळजवळ एक पूर्ण दिवस बसायचं. फी ३२,०००, वर तिकीट, हॉटेल, जेवणखाण धरून मला ४३,००० पडले आणि या सगळ्या उद्योगात मला सगळ्यात जास्त वसूल झालेले पैसे तेच. हा ट्रॅक एस. करिवर्धन यांच्या नावाने आहे, मारुती ८०० चं इंजिन टाकून फॉर्म्युला मारुती नावाची रेस कार बनवणारे ते, आणि नारायण कार्तिकेयन पण याच कोइमतूरचा, २००५ ला फॉर्म्युला वनमध्ये गेलेला पहिला भारतीय. तिथे उभं राहिलं की वाटतं आपल्याकडे कोणीतरी असं एक येडं जन्माला यायला पाहिजे होतं.

ट्रेनिंगमध्ये मला वाटलं स्पीड शिकवतील. अर्धा दिवस ब्रेकच शिकवला. आपण रोडवर ब्रेक हळूहळू दाबत नेतो, शेवटी जोरात. तिथे उलटं, सुरुवातीलाच पूर्ण जोर, कारण तेव्हा स्पीड जास्त असतो आणि वजन पुढच्या टायरवर आलं की पकड पण तिथे मिळते, मग वळणाकडे जाता जाता पाय सोडत आणायचा. ऐकायला सोपं आहे पण माझा पाय नागपूरच्या ट्रॅफिकमध्ये पंधरा वर्षं वळण लागलेला, ऐकतच नव्हता. इन्स्ट्रक्टर बाजूला बसून दर वळणाला "लुक, लुक, लुक" ओरडायचा, म्हणजे नजर वळणाच्या पार पुढे, आणि मी बघायचो समोरच्या बोनेटकडे. झेंडे पण शिकवले, पिवळा दिसला की ओव्हरटेक बंद, लाल म्हणजे सेशन थांबलं, पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे ट्रॅकवर तेल किंवा पाणी. दुसऱ्या दिवशी दुपारी एका लॅपला सगळं जुळून आलं, एकच लॅप, आणि त्या लॅपने माझं वाटोळं केलं.

कारण परत येऊन तीन महिन्यांनी मी घरची स्विफ्ट घेऊन कोइमतूरलाच ओपन ट्रॅक डेला गेलो, म्हणजे पैसे भरून आपलीच गाडी ट्रॅकवर चालवायची. स्वतः चालवत, १४०० किलोमीटर, पांढरकवड्याला नाश्ता आणि मग आदिलाबाद, निर्मल करत हैदराबादला मुक्काम. ट्रॅकवर पाचव्या लॅपला ब्रेक दाबला तर पेडल मऊ पोह्यासारखं खाली गेलं. पंप करून करून गाडी थांबली, मी घामाने निथळलेला. झालं काय होतं तर ब्रेक ऑइल चार वर्षं बदललंच नव्हतं. डॉट ४ हा ब्रेक ऑइलचा प्रकार, नवीन असताना कमीत कमी २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि मग तीच हद्द १५५ पर्यंत येऊ शकते, ट्रॅकवर हे तापमान काही मिनिटांत गाठलं जातं, तेल उकळलं की आत वाफ, आणि वाफ दाबली जाते त्यामुळे पायाखाली काहीच लागत नाही. मागच्याच सर्व्हिसिंगला "ब्रेक ऑइल टॉपअप" लिहून पैसे घेतले होते, कुठे ते जाऊ द्या. तिथेच एकाकडून बाटली घेतली, सगळं जुनं तेल काढून नवीन भरलं, ब्रेक पॅड पण गेले होते. तो दिवस एंट्री, पेट्रोल, टोल, हॉटेल, पॅड, आणि घरी आल्यावर पुढचे दोन टायर धरून ५१,००० चा. ट्रॅकवर एकूण चाललो ४० किलोमीटर. रस्त्यावर २८००.

आता ज्यांना खरी रेस करायची त्यांच्यासाठी. लायसन्स एफएमएससीआयचं लागतं, ती आपली मोटरस्पोर्टची फेडरेशन, त्यासाठी मेडिकल सर्टिफिकेट द्यावं लागतं. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी बीपी घेतलं, कारण विचारलं, सांगितल्यावर परत एकदा बीपी घेतलं. लायसन्स हा काही मोठा खर्च नाही.

अंगावरचं सामान हा मोठा खर्च आहे आणि इथे मी फसलो. ऑनलाइन सेकंड हँड सूट घेतला, ९,००० ला, मस्त लाल. नंतर कळलं तो कार्टिंगचा, म्हणजे त्या छोट्या उघड्या गो-कार्टच्या रेसचा. कार्टिंगमध्ये माणूस बाहेर फेकला जातो म्हणून तो सूट घासण्यापासून वाचवतो, आगीपासून नाही. कारमध्ये माणूस बेल्टने आत बांधलेला असतो, तिथे आग हीच भीती. विकणाऱ्याला माहीत होतं, फोन उचलत नाही. हेल्मेटचंही तसंच, बाईकचं चालत नाही, कारच्या हेल्मेटचं अस्तर आग सहन करणारं असतं आणि ते रोलकेजच्या, म्हणजे गाडीच्या आत बसवलेल्या लोखंडी पिंजऱ्याच्या, पाइपवर आपटेल हे धरून टेस्ट केलेलं असतं. शिवाय मानेसाठी हॅन्स, जो खांद्यावर बसतो आणि हेल्मेटला पट्ट्यांनी जोडतो, म्हणजे धडक बसली तर अंग बेल्टमध्ये थांबलं आणि डोकं पुढे गेलं असं होत नाही. फॉर्म्युला वनने तो २००३ ला कंपल्सरी केला. हेल्मेट ३४,०००, खरा सूट ३८,०००, हॅन्स ३२,०००, हातमोजे-बूट-बालाक्लावा (हेल्मेटखालचा कापडी मास्क)-आतले कपडे २६,०००. एक लाख तीस हजार, आणि गाडीला अजून हातही लावला नाही.

एस्टीमला हात लावायचं ठरवलं तर. इथल्या गॅरेजच्या मिस्त्रींनी उत्साहात सीटा, कार्पेट, मागचं सगळं काढून टाकलं. रोलकेजसाठी एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो, तो म्हणे २५,००० मध्ये करून देतो, गॅलरीच्या रेलिंगचा ईआरडब्ल्यू, म्हणजे वेल्ड करून जोडलेला पाइप आहे ना. नाही चालत भाऊ. केजला सीमलेस, म्हणजे बिनजोडाचा लागतो, मुख्य कमानीला ४५ मिलीमीटरचा असेल तर अडीच मिलीमीटर जाड, ५० चा असेल तर दोन. नियमाप्रमाणे कोटेशन आलं ९०,०००. सीट ४२,०००, बेल्ट १८,०००, फायर एक्स्टिंग्विशर आणि कटऑफ स्विच १२,०००, इंजिन ५५,०००, सस्पेन्शन ४०,०००, टायर ३६,०००, ब्रेक ९,०००. आणि एवढं केल्यावर ती गाडी रोडवर चालवता येत नाही, आरटीओला असला बदल चालत नाही, आणि हेल्मेट न घालता केजमध्ये बसलं तर साध्या धक्क्यानेही डोकं पाइपवर. म्हणजे फ्लॅटबेड, गाडी लादून नेणारा ट्रक. चेन्नईला जाऊन-येऊन कोटेशन ७०,०००.

या सगळ्या हिशोबाचा कागद बाबांनी वाचला. वेकोलितून, म्हणजे सरकारी कोळसा कंपनीतून रिटायर झालेला माणूस, आयुष्यभर कोळशाच्या ट्रकांचे हिशोब केलेले. चष्मा वर केला आणि म्हणाले, "गाडी ६५ ची, अन् नेऊन आणायचे ७०. एका खेपेचे. किती खेपा आहेत वर्षाला?" मी म्हटलं चार-पाच. कागद परत दिला आणि चहा मागितला, बास.

म्हणून आता मी भाड्याच्या गाडीवर आलोय आणि मला कोणी विचारलं तर हेच सांगतो. चेन्नईकडच्या एका टीमने वीकेंडचे १,१०,००० सांगितले, त्यात गाडी, टायर, पेट्रोल, मेकॅनिक. वर डिपॉझिट, कारण ठोकली तर खर्च आपला, आणि दुसऱ्याने येऊन ठोकली तरीही आपलाच, त्याच्याकडून वसूल करायची पद्धत नाही. ऐकून पोटात गोळा येतो पण मी बॅग घेऊन ट्रेनमध्ये बसू शकतो, गाडी नेऊन आणायची भानगड नाही. वर्षाला एकच रेस जमेल. एक पण चालेल. ज्याला एवढंही नको त्याने वर्षाला चार ऑटोक्रॉस करावेत, दहा हजारात होतात, आणि खरं सांगू, मजा त्यात निम्म्याहून जास्त आहे.

एस्टीम विकायला काढली आहे. जाहिरातीत स्पष्ट लिहिलं, मागची सीट नाही, आत काहीच नाही. काल काटोलहून एक काका बोलले, इंजिनचं विचारलं नाही, किलोमीटरचं विचारलं नाही. "मागे पूर्ण मोकळी हाय ना? मंग संत्र्याचे क्रेट किती बसतील?" मी म्हटलं मोजून सांगतो. रविवारी बघायला येणार आहेत, बाबा म्हणतात ५५ च्या खाली सोडू नको.