मुक्या डब्याला कंठ

दोस्त पन्हाळ्यावर, मी खाली कोल्हापुरात शिवाजी पेठेत, आणि दोघांच्या खिशात काडेपेटीपेक्षा जरा मोठा एकेक रेडिओ. मेशटॅस्टिक म्हणतात त्यातल्या सॉफ्टवेअरला. मोबाईलला रेंज नसली तरी मेसेज जातो, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झमध्ये, तिथं आपल्याकडं लायसन लागत नाही, आणि मधे कुणाकडं तसलंच यंत्र असलं तर ते आपला निरोप उचलून पुढं देतंय. आमच्या गच्चीवर एक ठेवलंय, तिथनं पन्हाळा समोर दिसतो, तेच खिशातल्याला आणून देतं. फक्त लिहायचं, बोलता येत नाही. हे मी आजवर वीसेक जणांना समजावलं असेल आणि सगळ्यांनी शेवटी एकच विचारलंय, "मग व्हॉट्सॲपला काय धाड भरली?" त्यांना मी २०१९ चा पूर सांगतो. राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट म्हणजे धोक्याची पातळी, त्या साली पंचगंगा पंचावन्नच्या वर गेलेली, आणि आमच्या घरातले सगळे मोबाईल दुसऱ्या दिवशी चार्जिंग संपून विटांसारखे पडलेले.

तर एवढं सगळं खरं, पण माझं यंत्र मुकं. मेसेज आला की बारकी स्क्रीन जरा उजळणार आणि परत झोपणार. फोनला ब्लूटूथनं जोडलं तर फोन वाजतो म्हणा, पण फोनच सांभाळत बसायचं तर हे कशाला घेतलं? मागच्या महिन्यात दोस्तानं लिहिलं, "खाली येतोय, गंगावेशीत दूध प्यायला ये." मला ते रात्री दिसलं. तो तासभर थांबून दोन ग्लास एकटाच पिऊन गेला, आणि अजून ऐकवतोय.

म्हणून बझर, म्हणजे पीं-पीं वाजणारा बारका तुकडा. वीसेक रुपयाची वस्तू, पण त्यात दोन जाती असतात हे मला घरी आल्यावर कळलं. एक ॲक्टिव्ह, त्याच्या पोटातच सूर असतो, करंट दिला की एकच पट्टी धरून ओरडतंय. दुसरा पॅसिव्ह, त्याला प्रत्येक सूर बाहेरनं पुरवावा लागतो, मग तो गातो. मी आणलेला पहिला, आणि त्यातही उलट्या डोक्याचा, इशारा देणाऱ्या पिनवर करंट नसला की वाजणारा. रात्री एक वाजता बॅटरी जोडली आणि त्यानं जो गळा काढला, गल्लीतली कुत्री उठली. आई दारात. "मी केवढा घाबरलो रे, गॅस लीक झाला काय?" (आमच्याकडं बायका अशाच बोलतात, पुण्याच्या पाहुण्यांनी कान टवकारू नयेत.)

दुसऱ्या दिवशी पॅसिव्ह आणला. मधे एक बारका ट्रान्झिस्टर टाकला, कारण बझरचा सगळा करंट थेट रेडिओतल्या चिपच्या पिननं ओढला तर पिन जायची भीती. मेशटॅस्टिकच्या ॲपमध्ये एक्सटर्नल नोटिफिकेशन, म्हणजे मेसेज आला की बाहेर जोडलेली वस्तू वाजवायची सोय, चालू केलं, पिनचा नंबर टाकला, झालं. डाग द्यायला दहा मिनिटं, डब्याला भोक पाडायला दोन तास.

पुढची मजा ट्यूनची. जुन्या नोकियावर आपण आकडे दाबून रिंगटोन बनवायचो ना, त्याच घराण्यातली भाषा इथं चालते, सूर, लांबी, वेग, सगळं अक्षरांत लिहायचं. मी ठरवलं हलगी. एकच सूर, मधे विश्रांती, परत सूर, कुस्तीच्या मैदानात कडकडते तशी. तीन रात्री घातल्या. खालचे सूर त्या चिमुकल्या पत्र्याला झेपत नाहीत, म्हणून वरच्या पट्टीत नेलं. आईनं ऐकलं आणि म्हणाली, "उंदीर पिंजऱ्यात घावलाय जणू." मग तिनं शाहू मिलच्या भोंग्याचा विषय काढला. शाहू महाराजांनी १९०६ साली काढलेली मिल, तिच्या भोंग्यावर आईच्या माहेरी चुलीवर भात चढायचा म्हणे, घड्याळ कोण बघतंय. मला वाटलं, तो सगळ्या गावाला एकदम सांगायचा आणि माझा हा उंदीर फक्त मला, तरी धंदा तोच की.

काल दोस्त खाली आला. गंगावेशीत कट्ट्यावर उभा होतो, समोर म्हस बांधलेली, धार चालू, ग्लास अर्धा भरलेला आणि खिशात हलगी कडाडली. म्हशीनं मान वळवली, शेपटी मारली आणि पाय उचलला. गवळीमामा खालनंच ओरडला, "भावा, ते बंद कर आदी! पान्हा चोरायला लागली ती!"

मेसेज होता, "मागं बघ."

दोस्त चार पावलांवर हसत उभा, बोट अजून बटणावर. दुसरा ग्लास भरायला मामानं लई वेळ लावला.