झाडू मारला आणि टेबल बिघडलं

टेबल दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. दुपारभर सँडर (लाकूड घासायचं मशीन) चालवला, 220 नंबरच्या घासपेपरने वरची फळी गुळगुळीत केली. संध्याकाळी खोली कानाकोपऱ्यातून झाडून काढली, फळी पुसली आणि दहा मिनिटांत वॉर्निशचा शेवटचा हात मारला. लवकर सुकावं म्हणून वर पंखाही लावून ठेवला.

सकाळी हात फिरवला तर फळी वाळू चिकटल्यासारखी खरखरीत!

आधी राग वॉर्निशच्या डब्यावर निघाला. गाळून पाहिलं, स्वच्छ. मग खोली अंधारी केली, पुन्हा तसाच झाडू मारला आणि टॉर्च आडवा धरला. उजेडाच्या पट्ट्यात भुसा नुसता तरंगत होता. दहा मिनिटांनी पाहिलं, तरी थोडा होताच. पंखा सुरू केला आणि बघतच राहिलो. पात्यांवर महिनोन्‌महिने साचलेला थर टेबलावरच उतरत होता.

रंध्याच्या ढलप्यांचा त्रास नसतो, त्या जागच्या जागी पडतात. खरा वैताग सँडरच्या पिठाचा. एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा कण शांत हवेतही जमिनीवर यायला कित्येक तास घेतो, आणि नाकातले केस त्याला अडवत नाहीत. लाकडाच्या धुळीने कर्करोग होऊ शकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1995 सालीच नोंदवलंय. मी मात्र इतकी वर्षं मशीन बंद झालं की मास्क काढत होतो.

त्या दिवशी काम बाजूला ठेवलं. सँडरची कापडी पिशवी काढून तिथे व्हॅक्यूमचा पाइप जोडला. बारीक पीठ त्या कापडातून सरळ बाहेर येत होतं. मधे झाकणाची बादली आणि सायक्लोन बसवला. हवा गोल फिरते, जड भुसा बादलीत पडतो. नाहीतर व्हॅक्यूमचा फिल्टर लगेच चोंदतो आणि ओढ मरते. फिल्टरही हेपा, म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणारा घेतला. झाडूला सुट्टी दिली. आता पंख्याच्या पात्यांपासून खाली सगळं व्हॅक्यूमने आणि ओल्या फडक्याने. वॉर्निश दुसऱ्या दिवशी, पंखा बंद ठेवून. मास्क मशीन थांबल्यावरही बराच वेळ तोंडावर.

फळी पुन्हा घासून टेबल दिलं तेव्हा तीन दिवस उशीर झाला होता. गिऱ्हाइकाला खरं कारण सांगितलं.

"म्हणजे साफसफाई केली म्हणून घाण झालं?"

हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार!