तेरच्या पांढरीवर एक दिवस

लातूरहून तेर काही लांब नाही, तरी मी आजवर फक्त गोरोबाकाकांच्या दर्शनालाच गेलेलो. यावेळी मामांना म्हणलं, मंदिरं बघूच, पण मला ती नदीकाठची टेकाडं बघायचीत. मामांना जुन्या वस्तूंचा पहिल्यापासून नाद, सकाळी सातलाच गाडी काढून दारात हजर.

आपल्याकडं शेतीची जमीन म्हणजे काळी आणि गाववस्तीची जमीन म्हणजे पांढरी. शेकडो वर्षं चुलीची राख, पडलेल्या भिंती, शेण, हाडं सगळं एकावर एक साचत जातं आणि मातीचा रंगच बदलतो. तेरला ही पांढरी टेकाडंच्या टेकाडं आहे. तेरणेच्या काठाला एका जागी कडा ढासळलाय, तिथं उभं राहिलं की राखेचा करडा थर, मग विटांचे तुकडे, मग खापरं, परत राख, असं डोळ्यांसमोर दिसतं. पूर्वी लोक ही माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात न्यायचे, त्यामुळं किती टेकाडं खचली कुणास ठाऊक. मला फार वाईट वाटलं, पण शेतकऱ्याला तरी काय माहीत की त्याच्या गाडीत सातवाहन चाललेत.

हे गाव म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक प्रवासपुस्तकात लिहिलंय की पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर लागतं आणि तिथनं साधं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जाते. ते तगर म्हणजेच तेर हे फ्लीट नावाच्या इंग्रज अभ्यासकानं 1901 मध्ये मांडलं, 1958 ला इथं उत्खनन झालं. कोकणातले शिलाहार राजेसुद्धा स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घ्यायचे, म्हणजे तेरचं नाव किती मोठं असेल बघा. येताना दोन्ही बाजूंना सोयाबीनच सोयाबीन होतं, कापसाची एक पट्टी दिसली तेव्हा मामांनी मुद्दाम गाडी हळू केली.

त्रिविक्रम मंदिरात आत गेलं की गार वाटतं. मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल, सगळं विटांचं काम, मूळचं हे बौद्ध चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेची जागा, असावं असं अभ्यासक म्हणतात. लेण्यात डोंगर कोरून केलेला चैत्य आपण बघतो, पण विटांनी बांधलेला आणि अजून उभा असलेला किती ठिकाणी बघायला मिळतो? इथल्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात हे पण खरंय, मातीत भाताचं तूस मिसळलेलं असतं, भाजताना ते जळून जातं आणि विटेत बारीक बारीक पोकळ्या राहतात.

रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या सरकारी संग्रहालयात मात्र दोन तास कसे गेले कळलं नाही. लामतुरेंनी गावातनं, शिवारातनं एकेक वस्तू जमवली, त्यातनं हे उभं राहिलंय. हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे, तशाच घडणीची मूर्ती तिकडं इटलीत, ज्वालामुखीनं गाडलेल्या पॉम्पेई शहराच्या राखेत सापडली. पण मला जास्त आवडल्या त्या पांढऱ्या केओलिन मातीच्या बाहुल्या. पुढचा साचा वेगळा, मागचा वेगळा, दोन्ही भाग दाबून जोडलेले, आतनं पोकळ. केसांची वेणी, कानातलं, सगळं नखाएवढ्या जागेत.

संध्याकाळी परत नदीकाठी आलो. एक बाई शेळ्या घेऊन चालल्या होत्या, मी वाकून बघतोय म्हणल्यावर थांबल्या. "खापरं बघायलाव व्हय? पाऊस झाला की लई निघतेत हितं."

माझ्या हातात एक तुकडा होता, बाहेरनं तांबडा, आतनं काळाशार. मडकं भट्टीत पालथं घातलं की आत हवा लागत नाही, म्हणून आतली बाजू काळी राहते. काठावर कुंभाराच्या बोटाची बारीक रेघ होती, मी माझं बोट त्यावरनं फिरवलं. मामा म्हणले, गोरोबाकाकांच्या आधी हजारेक वर्षं इथं असाच कुणीतरी चाकावर बसलेला असंल.

बाई म्हणल्या, "लहानपणी ह्याच्याच ठिकऱ्या करून खेळायचो आम्ही. चांगली सपाट बघून घ्यायची, लांब जाती."

मी तुकडा होता तिथंच परत ठेवला, आणि त्या शेळ्या हाकत नदीकडं उतरल्या.