माळ्याची उंची

व्यायामाची यंत्रे विकणाऱ्या ठाण्यातल्या एका दुकानात मी ११ वर्षे काम करतो आहे. मोठे यंत्र घ्यायचे असेल तर आधी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन मापे घेणे ही माझी जबाबदारी. दुकानात आटोपशीर वाटणारी ट्रेडमिल घरी गेल्यावर कपाटाचे दार उघडू देत नाही, हे तोंडाने सांगून कुणाला पटत नाही. जमिनीवर टेप पसरली की पटते. अशा भेटी सहसा २० मिनिटांत आटोपतात. गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी डोंबिवलीच्या घरी मात्र मला अडीच तास लागले.

गृहस्थ चाळिशीचे, उंची १८३ सेंमी, वजन ९४ किलो. ट्रेडमिल आणि मल्टिजिम (एकाच सांगाड्यावर अनेक व्यायाम करायचे यंत्र) अशी सुमारे १,६०,००० रुपयांची यादी त्यांनी दुकानात येऊन पक्की केली होती. खोली १० बाय ९ फुटांची, त्यांच्या आईची. एका भिंतीला आईचा पलंग, दुसऱ्या भिंतीला कपाट. यंत्राला जागा उरत होती ती माळ्याखालीच. माळा जमिनीपासून ७ फुटांवर, म्हणजे २१३ सेंमी. ट्रेडमिलचा पट्टा जमिनीपासून साधारण २० सेंमी उंच असतो, हे आकडे मी त्यांना सांगितले, तर ते म्हणाले, "म्हणजे १० सेंमी उरतात की!"

मी घरातला चौरंग मागितला. तो सत्यनारायणाचा निघाल्यामुळे त्यावर पाय द्यायला काकूंनी, म्हणजे त्यांच्या आईने, साफ नकार दिला आणि कपडे धुताना बसायचे लाकडी स्टूल आणून दिले. त्याची उंची भरली २१ सेंमी. गृहस्थ त्यावर उभे राहिले आणि धावताना शरीर वर उचलले जाते तसे, माझ्या सांगण्यावरून, हलकेच चवड्यांवर आले. डोके माळ्याच्या कडेला टेकले. दारात उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नीला हसू आवरेना.

पलंग हलवून यंत्र खोलीच्या मध्यावर घेता येईल का, हेही पाहिले. खोलीची लांबी ३०५ सेंमी, यंत्राची १७५. मागे उरतात १३० सेंमी. चालत्या पट्ट्यावर तोल गेला तर माणूस मागे फेकला जातो, म्हणून पट्ट्याच्या मागे २ मीटर मोकळी जागा असावी असा नियम आम्ही पाळतो. मागे भिंत किंवा पलंग असेल तर पडलेला माणूस आणि फिरता पट्टा यांच्यात अंतरच उरत नाही.

राहिली वीज. खोलीत ६ अँपिअरचे सॉकेट होते. ३ एचपीच्या मोटारीचे २,२३८ वॉट होतात, त्यांना २३० व्होल्टने भागले तर ९.७ अँपिअर येतात, आणि मोटारीतला अपव्यय त्यात धरलेलाच नाही. (जाहिरातीतला एचपीचा आकडा कित्येकदा क्षणभराच्या कमाल शक्तीचा असतो, सतत किती मिळते ते विचारल्यावर विक्रेता विषय बदलतो. पूर्वी मीही बदलत असे.) एसीच्या पॉइंटवरून एक्स्टेन्शन बोर्ड ओढू, असे ते म्हणाले. त्याला मी नकार दिला.

त्यांच्या पत्नीने वेगळीच शंका काढली : "स्लॅबला काही होणार नाही ना?" घराच्या स्लॅबसाठी चौरस मीटरला सुमारे २०० किलोचा भार धरतात. यंत्र ८० किलोचे, त्यावर हे ९४ किलो, आणि पसारा सव्वा चौरस मीटरहून थोडा जास्त. म्हणजे सुस्थितीतल्या स्लॅबवर ताण येत नाही. खाली राहणाऱ्यांच्या डोक्यावर मात्र रोज सकाळी ६ वाजता धपधप होणार.

एवढा वेळ काकू पलंगावर बसून ऐकत होत्या. चहा ठेवायला उठताना त्यांनी आधी गादीवर हात रोवले, एकदा झोका घेतला, तो फसला, मग दुसऱ्यांदा उठल्या. जाताना सहज म्हणाल्या, "माझ्यासाठी काही असतं का हो यात?" मुलाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. यादीत त्यांच्यासाठी काहीच नव्हते.

एका फिजिओथेरपिस्टकडून शिकलेली एक चाचणी मी करून पाहिली. बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवायची, हात छातीवर बांधायचे आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येते ते मोजायचे. काकूंचे वय ७२. या वयाच्या बाईचा आकडा १० च्या खाली असेल तर तो कमी समजतात. काकू ८ वेळा उठल्या. त्यांना गुडघ्यांसाठी फिजिओथेरपिस्टला दाखवायला सांगितले आणि फिजिओथेरपिस्टने हो म्हटले तर खुर्चीचाच व्यायाम करा, त्याला यंत्र लागत नाही, असेही सांगितले.

शेवटी घेतली ती चुंबकीय ब्रेकची सायकल, वजन बदलता येणारे डंबेल्स, घडीचे बाक आणि रबरी मॅट. सायकल मायलेकांना दोघांनाही चालते, फारसा आवाज करत नाही, तिला माळ्याचीही अडचण नाही. बिल झाले ३४,००० रुपयांचे. मालक दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत आणि त्या महिन्याचे माझे कमिशनही गेले. त्याचे मला वाईट वाटले नाही असे म्हणणे खोटे ठरेल.

दोन महिन्यांनी त्या गृहस्थांचा फोन आला की डावे पेडल सैल झाले आहे. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. त्यांनी ते नेहमीच्या दिशेने आवळण्याच्या नादात आणखी सैल केले होते. पाच मिनिटांचे काम. ते करताना सीटच्या दांड्याकडे लक्ष गेले. खालून दुसऱ्या भोकाशी पेनने खूण केलेली होती, आणि बरेच वर, सहाव्या भोकाशी, एक लाल टिकली चिकटवलेली होती.